पाण्यासाठी थांबा

सावरदरे रोड.
गाव दोन मैल आत, स्टेशन माळावर,
म्हणून नावापुढे 'रोड'.
पाटीवर नाव तीनदा. त्यातलं दोनदा
अक्षर न् अक्षर सारखंच,
एक मराठीतलं, एक हिंदीतलं.
लहानपणी मला वाटायचं, दोन गावं आहेत.

खरं तर स्टेशन गावासाठी नव्हतंच.
घाट चढून आलेल्या इंजिनाला पाणी लागायचं.
कुठल्याशा साहेबानं नकाशावर बोट टेकवलं,
दारणेपासून लोखंडी नळ आला,
नळामागून टाकी, टाकीमागून कासम पंपवाला,
मग फलाट, मग मोडक मास्तर,
आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, प्रवासी.
इंजिन अकरा मिनिटं पाणी प्यायचं.
तेवढ्यात आम्ही चढलो तर चढलो.

ठकूबाई भोर द्रोणातून करवंदं विकायची
आणि परतताना रिकाम्या पाटीत
इंजिनानं टाकलेले अर्धे जळके कोळसे भरायची.
त्या वेळी मोडक मास्तर
पाठमोरा बसून कंदिलाची काच पुसायचा,
कितीतरी वेळ.

बावन्नच्या उन्हाळ्यात
विहिरींत नुसते दोर लोंबत राहिले.
बाया हंडे घेऊन माळ तुडवत आल्या,
फलाटावर ओळीनं बसल्या. बोलल्या काहीच नाहीत.
टाकीचं पाणी इंजिनाचं, असा नियम.
मास्तरनं वर तार केली.
संध्याकाळी उत्तर आलं.
कासमला वाचता येत नव्हतं.
"काय म्हणतात, साहेब?"
मास्तरनं कागद दिव्याजवळ धरला, लांब धरला,
म्हणाला, "अक्षर लागत नाही रे."
कासमनं चाक फिरवलं.
सत्तावीस दिवस पॅसेंजर उशिरा सुटली.
रजिस्टरात कारण लिहिलंय: पाणी.

पुढे विजेच्या तारा आल्या.
विजेला तहान नसते.
अकराची दोन मिनिटं झाली, दोनाचं एक,
मग नुसती शिट्टी.

शेवटची नऊ वर्षं माझे वडील
कमिशनवर तिकिटं विकायचे.
नाशिकरोडहून रोख पैसे भरून आणायची,
खपली तर खपली.
शेवटच्या दिवशी चौदा उरली. रेल्वे परत घेत नाही.
धाकट्या भावानं दुकान-दुकान खेळून बारा हरवली.
दोन माझ्याकडे आहेत, पुठ्ठ्याची, पिवळट.
कुठून कुठे ते वाचता येतं. भाडं पुसलंय.

वजनकाटा घोटीच्या तांदूळवाल्यानं लिलावात नेला.
घड्याळ कोणी नेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे,
नाव कोणी घेत नाही.
टाकी आहे. तिच्या सांध्यातून उंबर फुटलाय,
गळतीवर वाढला असणार,
आता गळती नाही तरी वाढतोय.

एसटी हायवे सोडून आत वळते,
माळावर थांबते.
कंडक्टर पोरसवदा, चांदवडकडचा,
इथं थांबलेली गाडी त्यानं जन्मात पाहिलेली नाही.
तरी घंटीची दोरी ओढून ओरडतो,
"चला, स्टेशनवाले!"
आम्ही तिघं उठतो.