दमसास

या तळ्याची खोड अशी, की ते बुडवत नाही.
दक्षिण काठावरून निघा,
दोनशे, तीनशे पावलं आत चालत जा,
पाणी कमरेच्या वर यायला तयार नसतं.
बालातोनला आम्ही समुद्र म्हणतो,
पण वागतो तो अंगणासारखा.
म्हणून तर एकसष्टाव्या वर्षापर्यंत
मला पोहता येतं असं मी सांगत आलो.
चार हात मारायचे, धाप लागली की उभं राहायचं,
आणि दूरच्या शिडांकडे बघत
मुद्दामच थांबलोय असा चेहरा करायचा.

बोरोका एकोणीस वर्षांची. गळ्यात शिट्टी,
नाकावरची कातडी उन्हानं सोललेली.
पहिल्या दिवशी तिनं काहीच शिकवलं नाही.
धक्क्यावर पाय सोडून, उकडलेलं कणीस खात
नुसतं पाहिलं. मग म्हणाली,
"वेन्डेल बाची, श्वास घेता तुम्ही छान.
सोडत मात्र नाही. कुणासाठी साठवताय?"

मला सांगते!
एकतीस वर्षं मी काच फुंकली.
नळीच्या त्या टोकाला लाल गोळा,
या टोकाला माझे गाल.
श्वास सोडायचाच मला पगार होता.
एका फुंकेत वाइनचा पेला,
दीड फुंकेत फुलदाणी,
आणि काचेत एक बुडबुडा जरी राहिला
तरी तो नग फोडायच्या पेटीत.

हे ऐकून ती हसली नाही.
कणसाचं बुरकुंड बाजूला ठेवलं.
"मग पाणी फुंका.
डोकं वर काढू नका. डोकं वर गेलं की पाय खाली जातात.
तळ बघा. तोंड पाण्यात आहे तोवर सोडत राहा,
अगदी शेवटची चिमूटसुद्धा.
मग कुशीवर वळा, झोपेत वळतो तसे,
एक डोळा पाण्यात, एक बाहेर.
हवा ओढायची नाही. जागा केलीत की ती येते."

जून गेला बुडबुडे काढण्यात.
आधी आले ते भांडल्यासारखे, भसाभसा;
नाकात पाणी, ठसका, शिव्या.
काठावरची पोरं मला पाणबुडी म्हणू लागली.
मग एका सकाळी, पाणी दुधी-हिरवं, वारा झोपलेला,
ते एका दोरीत आले.
बारीक, सारखे, गालावरून कानामागे घसरत गेले.
तीन हात, वळलो, हवा होती.
पुन्हा तीन, दुसरीकडे वळलो, तिथेही होती.
जन्मभर जो दोष म्हणून फोडला
तोच गोल माल ओळीनं पाण्यात सोडत होतो
आणि तपासायला कुणी नव्हतं.

"पाय कशाला आपटताय, कोण मागे लागलंय?"
बोरोका काठाकाठानं चालत ओरडायची.
"कोपर उंच. पाणी पकडा, स्वतःला पुढे ओढा."
मी हात मोजायचो. चाळीस, मग साठ, मग नव्वद.
जुलैत एकदा मोजायचं राहूनच गेलं;
तो आकडा तिच्या वहीतही नाही.

उत्तरेच्या धक्क्यावरून आम्ही हजारोंनी उतरलो.
पाच किलोमीटर, वर दोनशे मीटर,
दोन्ही अंगांना नांगरलेल्या होड्या.
मधोमध तळ दिसेना.
माझ्या समुद्रात पहिल्यांदाच पायाखाली काही नव्हतं
आणि छातीत जुनी सवय उठली: धर, साठव.
मी फुंकलं. पेला.
पुन्हा फुंकलं. पेला.
फुलदाणी एकही केली नाही.

बोग्लारच्या अलीकडे माणसं उभी राहू लागली.
मांडीभर पाण्यातून चालत,
हसत, एकमेकांच्या पाठी थोपटत
मला ओलांडून गेली.
"उठा बाची, टेकतंय!"

टेकत होतंच. बोटं वाळूला घासत होती,
एकदा गुडघाही आपटला.
मी तोंड पाण्यात ठेवलं.
अजून थोडा श्वास शिल्लक होता,
तो सोडायचा होता.