मॉड्यूल सतरा

रबाळे एमआयडीसी, गाळा बावन्न.
शेजारचं ग्राइंडर थांबलंय एकदाचं.
आत पडद्यावर दवबिंदू: उणे बेचाळीस.
हा आकडा वर सरकला की प्रज्योत केणी शिंकही दाबून धरतो.
खाडीची हवा भिंतीला कान लावून उभीच असते,
फट सापडली तर चिपला घाम फुटेल.

टपाल तिकिटाएवढी चिप,
तिच्यावर एक लाख त्रेपन्न हजार सहाशे कप्पे.
पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली
तेव्हा तोंडातून निघून गेलं,
"अगो, हे तर आपलं आगर!"
नंबियार सर म्हणाले, काय?
म्हटलं, काही नाही.

आजा घणसोलीच्या आगरात मीठ ओढायचा.
वाफा, बांध, पुन्हा वाफा.
पाणी कुठे मुरतंय ते त्याला तळपायानं कळायचं.
मला संगणक सांगतो:
अकरा मुके, चार वाचाळ.
वाचाळांना आधी बंद करायचं,
न झालेलं झालं म्हणून सांगतात.
मग उरलेल्यांचा उंबरठा लावायचा,
एकेकाचा, हजार इलेक्ट्रॉनांवर.
खाली ठेवला तर वाराही आत येतो,
फार उंच ठेवला
तर खरा पाहुणा दारातून परत.

काल दहा वेळा गोठवला, दहा वेळा ऊब दिली.
दहाव्या खेपेला वरचा डावा कोपरा गेला,
सहाशे चाळीस कप्पे, एकदम.
सांधे सुटले असणार.
तक्त्यात "ब" लिहिलं.
"अ" लिही असं कुणी म्हटलं नव्हतं,
पण पेन जरा थांबलं होतं, हेही खरं.
"ब" म्हणजे बोगद्यात जायचं नाही.

आता तो इथेच, पत्र्याच्या छपराखाली,
वरून येईल ते झेलत.
म्युऑन येतात, मिनिटाला तीनेक,
पत्रा, एसीचा डक्ट, माझी टोपी,
कुणालाच न विचारता.
दोन अठराला एक तिरपा आला.
सात कप्पे ओळीनं उजळले,
पुढे कोपरा, काळा.
तरी कुठे गेला असेल ते कळतं.

निघताना आई विचारत होती,
एवढे हातमोजे कशाला?
घामातलं मीठ, आये.
एक बोट लागलं तरी तार गंजते.
"मिठाव वाढलो आपुन,
न मिठालाच भितंस?"

शेऱ्याच्या रकान्यात लिहिते:
कोपरा मुका. बाकी सगळा जागा.
सही. दोन एक्कावन्न.
दवबिंदू उणे एकेचाळीस.
उठून बघायला हवं.