चेरीच्या चवीची गोळी

फहाहीलला धूळ आधी मोबाइलवर येते:
पिवळा इशारा, उद्या शाळा बंद.
मग खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे,
एसीची जाळी बेसिनमध्ये धुवायची,
आणि साडेआठला शाल्मलीच्या तळहातावर
गुलाबी गोळी. चावून खायची.
चेरीची चव म्हणे.
एकदा मुद्दाम खऱ्या चेरी आणल्या,
तर तोंड वाकडं करून म्हणाली,
"ह्या नकली आहेत."

मी रिफायनरीत प्रेशर गेज तपासतो.
काटा अर्धा टक्का चुकला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही.
गळती शोधायला आम्ही जोडावर साबणाचं पाणी लावतो,
बुडबुडा आला की सापडली.
पोरीच्या छातीतल्या शिट्टीला काय लावायचं?

गोळीनं शिट्टी थांबली, खरं सांगायला हवं.
सकाळच्या शिंका तीसवरून चारवर.
फुंकायच्या मीटरचे आकडे मी वहीत मांडत गेलो:
एकशे साठ, एकशे नव्वद, दोनशे दहा,
हिरव्या पट्ट्यात.
वही बघून मोहिनी हसायची,
"कंपनीला रिपोर्ट द्यायचाय का?"

अकराव्या रात्री मोहिनी ड्यूटीवर.
शाल्मली उठून बसली, डोळे टक्क उघडे.
"बाबा, भिंतीतून वाळू बोलतेय."
बाराव्या रात्री तिनं मला ओळखलं नाही.
माझाच हात धरून
मलाच हाका मारत होती.

डॉक्टर हाला म्हणाल्या,
काही मुलांना होतं असं. आज रात्रीपासून बंद.
घरी येऊन खोक्यातला तो कागद उलगडला,
मुंगीएवढ्या अक्षरांचा,
दर महिन्याला घडीसकट फेकलेला.
होतं त्यात. सहाव्या ओळीत होतं.
मॅन्युअल वाचल्याशिवाय
साधा स्क्रू न काढणारा मी.

झोप परत आली. चौथ्या दिवशी
शिट्टीही आली, आपलंच घर असल्यासारखी.
आता पंप आहे, मास्क आहे,
वहीत एक जादा रकाना आहे, 'रात्र',
त्यात आकडा कोणता लिहायचा कळत नाही.

काल मास्क लावण्याआधी ती म्हणाली,
"वाळू काय सांगत होती
ते ऐकायचं राहूनच गेलं."
मी म्हटलं, दहा श्वास मोज.
सातापर्यंत बोटं हलली,
मग डोळे मिटले.
उरलेले तीन
मी मोजले.