शिक्क्यांची वही

तोयामाहून आणलेल्या बॅगेत
दोन स्वेटर होते, ते आता डिचोलीत कपाटाला ऊब देतात,
आणि एक वही, अर्धी भरलेली.

तिकडे बऱ्याच स्टेशनांत कोपऱ्यातल्या टेबलावर
रबरी शिक्का ठेवलेला असतो, शेजारी शाईची डबी.
कशाला हवा, कुणी विचारत नाही.
दाबायचा, फुंकर मारायची, निघायचं.
माझ्या वहीत एक पूल आहे, एक माशाचं तोंड,
एक बर्फाचा डोंगर, जरा तिरका,
कारण निशिवाकीबाईंचा हात कापायचा
आणि तो मीच मारणार, असा त्यांचा हट्ट होता.

मी त्यांना अंघोळ घालायची, गोळ्या द्यायची,
आणि महिन्यातून एकदा चाकाच्या खुर्चीतून
दोन स्टेशनं पलीकडे न्यायची. कशाला?
कशालाच नाही.
मशीनमधून कॉफीचा गरम डबा काढायचा,
आधी दोघींनी हात शेकायचे, मग प्यायचा.
कालव्यातली बदकं मोजायची. परत.
"आज लांब गेलो," त्या म्हणायच्या.
लांब म्हणजे अकरा मिनिटं.

इथे आल्यावर पहिल्या मंगळवारी
स्टँडवर बसमध्ये चढले, तर कंडक्टर सगुण:
"नार्व्याला? देवळात?"
नाही.
"कोण वारलं?"
नाही रे.
"मग सोयरीक!"
आणि अख्खी बस वळून माझं तोंड बघू लागली.

आमच्याकडे बाई निघते ती बारशाला निघते, नवसाला,
तिसऱ्या स्वस्त लागल्यात तिथे.
नुसतं निघणं हे निघण्यात धरत नाहीत.

नार्व्याच्या पोस्टात शिक्का मागितला.
वेर्लेकर मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.
"पत्र कुठंय?"
पत्र नाही. वहीवर मारा.
त्यांनी नियम शोधला, मिळाला नाही,
आणि कदाचित म्हणूनच
दोनदा मारला. तारीख ठळक, गाव पुसट.

मग हॉटेलात पातळ भाजी, दोन उंडे,
कडेची मिरची खाऊ की नको असं करत शेवटी खाल्ली.
चहाचा ग्लास चुकून वहीवर टेकला, गोल उठला.
असू दे म्हटलं. खाली लिहिलं: नार्वे, साडेअकरा.

फेरीला तिकीट नाही. चालत्या माणसाला नदी फुकट.
एक गॅसचा सिलिंडर स्कूटरवर बसून चालला होता,
दोन बगळे कठड्यावर, त्यांनाही काही काम नसावं.
इंजिनाची धडधड तळव्यांतून गुडघ्यापर्यंत चढली
तेव्हा मला थोडं हसू आलं, एकटीलाच.

दिवाडीच्या धक्क्यावर आनाक्लेता बसली होती,
मासे संपलेले, पाटी रिकामी.
"कुणाकडे आलीस गो?"
कुणाकडेच नाही. ही फेरी बघायला.
"ही?"
तिने बोटीकडे पाहिलं, जणू काल रात्रीच कुणी आणून बांधली.
"चाळीस वर्षं चढते-उतरते. बघितली नाही."

मग काय वाटलं कोण जाणे,
तिने पाटी भिंतीशी पालथी घातली, वर दगड ठेवला,
आणि माझ्या मागून आत आली.

रिकाम्या हातांचं काय करायचं ते हातांना कळेना.
कठडा धरला, सोडला, झग्याला पुसले,
शेवटी तसेच पडू दिले दोन्ही बाजूंना.
नदीच्या मध्यावर एकदम म्हणाली,
"अगो, इथून माझं घर दिसतं!"
आणि जरा वेळाने,
"कौलं बदलायला झाली."

पलीकडे पोचून आम्ही उतरलोच नाही.
दोर ओढणारा पोरगा ओरडला,
"आनाक्लेताबाय, काय विसरलं?"
"कायच नाही," ती म्हणाली,
हे उत्तर पहिल्यांदाच तोंडात घेतल्यासारखी.

सहा मिनिटं जायला, सहा यायला.
निशिवाकीबाईंच्या हिशेबाने
आम्ही लांब गेलो होतो, वर एक मिनिट जास्तच.

पाटी होती तिथेच होती.
दगडावर कावळा, मालकासारखा.