ड चा र

सहलीच्या छापील पत्रकात ते गाव नव्हतंच.
रोम होतं, व्हेनिस होतं, कलता मनोरा होता,
सातव्या दिवशी ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’.
तोच दिवस आप्पांनी मागून घेतला.

भडगावहून निघताना माय म्हणाली,
दशम्या चार दिवस टिकतील,
पुढं ती चीजची बट्टी खाऊ.

रोमला त्या पडक्या रिंगणापुढे उभं राहून
आप्पा म्हणाले, पारोळ्याचा किल्ला बरा, रांग नाही.
व्हेनिसला नावेचे ऐंशी युरो ऐकून
त्यांनी मनातल्या मनात केळीचे घड मोजले
आणि आम्ही काठावरूनच फोटो काढला:
पाच माणसं, मागे दुसऱ्याच कुणाची नाव.
राजवीने आइस्क्रीमचे तीन गोळे घेतले,
दोन जमिनीला दिले.

मग ती टॅक्सी. ऑलिव्हची झाडं.
बोरीसारखीच, माय म्हणाली, पण शिस्तीत.
खाली नदी. उन्हाळ्यातल्या गिरणेएवढं पाणी,
गिरणेएवढेच गोटे.

कबरी रांगेत, गवत कापलेलं.
पण आपल्या माणसांना कबर नाही.
त्यांना रीतीप्रमाणे जाळलं,
विस्तव कुणी दिला माहीत नाही;
नावं तेवढी भिंतीवर कोरून ठेवली.
आम्ही सुपडू शोधत होतो.
तीनदा शोधला.

सुपडू म्हणजे सुपात घातलेला.
वरची दोन गेली म्हणून
जन्मताच सुपात ठेवून उकिरड्यावर नेला,
शेजारणीकडून मूठभर ज्वारीला परत घेतला,
मरणाला वाटावं, टाकाऊ आहे.
मरण वीस वर्षं फसलं.
चव्वेचाळीस साली लष्कराचं पत्र आलं,
पोस्टमनने ओट्यावर वाचून दाखवलं: शिपाई सुपरू भिला.
भिला तात्यांनी पत्र परत केलं.
हाऊ आमना न्हई, म्हणाले.
सुपरू नावाचं आमच्यात कुणी नाही.

इंग्रजीत ड चा र झाला होता.
त्या एका अक्षराच्या फटीत
आमचं घर ऐंशी वर्षं राहिलं.
दर आखाजीला घागर भरली,
उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढली,
एकेक बोट, एकेक गेलेला.
सुपडूचं बोट कधी ओढलं नाही.
गेला तो सुपरू.

शेवटी राजवीनेच वाचलं, इंग्रजी शाळेतली.
आजोबा, हे बघा, स्पेलिंग चुकलंय.
पत्रातली चूक
दगडात जशीच्या तशी.
आप्पा चष्मा पुसत राहिले. मग बोटाने
ते अक्षर वरून खाली गिरवलं,
पाटीवर पोराला गिरवायला लावतात तसं.
मला वाटलं, रडतील.
ते म्हणाले, पाणी आहे का कुणाकडे?
बाटलीतलं अर्धं त्यांनी भिंतीला दिलं,
अर्धं स्वतः प्यायले.

भिंतीत एक छोटं दार, दारात वही,
येऊन गेलेल्यांसाठी.
माय तिसरीपर्यंत शिकलेली.
पेन धरून बराच वेळ उभी. मग लिहिलं:
आम्ही उनूत.
आणि खाली, जागा उरली म्हणून:
नदीकाठचं शेत रस्त्यात गेलं. बाकी ठीक.

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

आता आमच्या फ्रिजवर तो कलता मनोरा
लाइटबिल धरून उभा आहे.
त्या नदीवरून भरून घेतलेली बाटली
विमानतळावर काढून घेतली,
शंभर मिलीच्या वर होती.
छायाने खूप समजावलं त्या बाईला, मराठीतच.

आज आखाजी. घागरीत गिरणेचंच पाणी,
म्हणजे नळाचं, परवा सुटलेलं.
वर खरबूज, शेजारी सांजोऱ्या.
माय उंबऱ्याशी बसून बोटं ओढते आहे,
नाव घेते, बोट ओढते.
भिला तात्यांच्या पुढच्या बोटाशी थांबली.
कुंकू बोटावरच सुकायला लागलं.

ओट्यावरून आप्पांचा आवाज आला:
ड म्हण.
नीट म्हण. ड.