उसने कान

बॅस्ट्रॉपच्या पलीकडे, जळून गेलेल्या पाइनच्या रानात
तळ्याकाठी विल्मा इंजिन बंद करते.
काचा खाली. पाच मिनिटं बोलायचं नाही.
तिच्या मांडीवर क्लिपबोर्ड, कानामागे पेन्सिल,
थर्मासची कॉफी आधी मला.

तेवीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं.
मागच्या सीटवरची कुजबुजसुद्धा कळायची, म्हणते.
मग हे काम घेतलं:
फेब्रुवारी ते एप्रिल, अंधारून आल्यावर, सात तळी,
एका भेकाची हाक ऐकायची.

तो डराव करत नाही.
आमच्याकडच्या बेडकांसारखा गळा काढत नाही.
लांब, बारीक, एका दमात ओढलेला सूर,
पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तसा.
मी तो फक्त रेकॉर्डिंगवर ऐकलाय.
त्यातला नर केव्हाच मेला असणार.

सहा वर्षं विल्मानं त्या रकान्यात शून्य लिहिलं.
गेल्या नाताळात डॉक्टरनं आलेख पुढे सरकवला:
बारीक सूर आधी जातात, मिसेस क्रेनेक.
घरी येऊन ती जुने कागद काढून बसली रात्रभर.
यातलं कुठलं शून्य तळ्याचं
आणि कुठलं माझं?

म्हणून मी. तिच्या सुनेच्या ऑफिसातला,
भेक आणि बेडूक यांतला फरक
मराठीतही धड सांगता न येणारा.
"मंगळवारपुरते कान दे तुझे," म्हणाली,
वाटीभर साखर मागावी तशी.

आज चौथं तळं.
रातकिडे. हायवे एकाहत्तरची घरघर.
दूर कुणाच्या तरी रँचवरचा पंप.
तिसऱ्या मिनिटाला उजवीकडून, लव्हाळ्यातून
काहीतरी उमटलं.
की नाही उमटलं?
पंपाचं बेअरिंग असेल. माझ्याच कानातलं रक्त असेल.
इतके मंगळवार हवं हवं म्हणता म्हणता
कानांनीच घडवलं असेल.

विल्मा माझ्याकडे बघत नाही.
पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलंय, हलत नाही.
फॉर्मवर 'कदाचित'ला जागा नाही,
मी मघाशीच टॉर्च मारून पाहिलं.

अजून दीड मिनिट.
मी तोंडानं श्वास घेतो,
नाकाचा आवाज होतो म्हणून.
मांडीवरची कॉफी निवून गेली आहे
आणि कप खाली ठेवायचा
धीर होत नाही.