कापण्याआधीचा ताव

तुर्नहाउटच्या छापखान्यात रात्रपाळीला
रोझेलीन तावांवर दिवा धरते.
एका तावावर एकशे एकवीस प्राणी,
अकरा आडवे, अकरा उभे,
जत्रेत हरवू नये म्हणून हात धरून उभे राहावेत तसे.

अजून कुणी कुणावर धावून गेलेलं नाही.
मिठाच्या राक्षसाशेजारी चार शिंगांची शेळी,
तिच्या खाली आगीचा सरडा, शेपूट आखडून.
चौकटींमधून तीन मिलिमीटर पांढरी जागा,
तेवढाच तह.
पाती फिरली की सगळे सुटे,
सुटे झाले की वैरी.

खेळ तिला येत नाही.
इंग्रजी ती बोट ठेवून वाचते,
डाळीतला खडा शोधावा तशी:
हा मेला तर एक पत्ता उचला.
हा पहिल्या फेरीत झोपलेला असतो.
ह्याला फक्त चंद्र असताना जखम होते.
बरं, म्हणते ती, आणि पुढचा ताव ओढते.
एकतीस वर्षं. डोळ्यांना चष्मा, चष्म्याला आता भिंग.

दोनच्या सुमारास निळी शाई केसभर सरकली.
दलदलीतल्या बगळीला
एका डोळ्याच्या जागी दोन फुटले,
एक इथे बघणारा, एक जरा पलीकडे.
खाली लिहिलेलं:
ही जागची हलत नाही.
ही उभी आहे तोवर शेजारचे मरत नाहीत.

रोझेलीननं ते दोनदा वाचलं.
कॉफीवर साय धरली.

इल्यास ढकलगाडी घेऊन आला. म्हणाला,
"असा चुकलेला पत्ता बाहेर दोनशे युरोला जातो, रोझे.
लोक चुकाच शोधत हिंडतात."
"असं होय? मग माझ्या लग्नाचे किती येतील?"
तो इतका हसला
की गाडी खांबाला धडकली.

नियम तो नियम.
चौदा ताव तिनं मोजून यंत्राच्या तोंडी दिले.
बगळ्या गेल्या.
शेजारचेही गेले.
भुसा पोत्यात दाबताना
एका चिंधीवर एकच डोळा वर आला, पलीकडचा.
तिनं तो झटकला. दारावर खिसे तपासतात.

रविवारी कॅफेत चौघांचा डाव.
फोन्स पत्ते पिसतो, वापरून वापरून
फडक्यासारखे मऊ झालेले.
तिच्या हाती बदामचा राजा येतो.
सवयीनं ती तो उजेडाकडे धरते, कडा बघते.

"ह्याला काय येतं?"
"कुणाला?"
"राजाला. ह्याची शक्ती काय?"
फोन्स वैतागतो:
"एक्का पडेपर्यंत राजा. उतर आता."

ती उतरत नाही.
बसून राहते जागच्या जागी.
डावीकडे भाऊ, त्याची धाप;
उजवीकडे मिट्ये, नवऱ्याचं जाकीट घालून;
समोर हुबेर्ट, नव्या कवळीची सवय करत.
तिघं. ती पुन्हा मोजते. तिघंच.

"रोझे, झोपलीस का?"

"पहिलीच तर फेरी आहे," ती म्हणते.